फरशीवरची दहा बाकडी

१

सोमवारी सकाळी आमच्या वॉर्डाचे साहेब फोटोग्राफरला घेऊन नव्या चौकात गेले, आणि फोटोग्राफरने विचारलं, "साहेब, माणसं बसलेली दाखवायची आहेत ना? मग त्यांना बसवू कुठे?"

तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं की चौकात एकही बाकडं नाही.

चौकाला पालिकेने दिलेलं नाव बरंच लांबलचक होतं. ते दारावरच्या पाटीवर लागलं आणि तिथेच राहिलं. आम्ही सगळे त्याला फरशी म्हणायचो, कारण कंबरेएवढ्या भिंतीवरून आत डोकावलं की दुसरं काही दिसायचंच नाही. गुळगुळीत, राखाडी, दुपारी डोळे दिपवणारी फरशी. कडेला फुलांचे वाफे, रस्त्याच्या बाजूला एक दार, दाराशी वॉचमनची केबिन. उत्तम सार्वजनिक जागेची काहीतरी स्पर्धा होती, तिच्यासाठी साहेबांना फोटो हवे होते.

बाकड्यांच्या जागी प्रत्येकी चार भोकं होती. कुणाचा पाय अडकू नये म्हणून भोकांत बोल्ट परत नीट बसवून ठेवलेले. इतका काळजीवाहू चोर साहेबांनी आजवर पाहिला नव्हता. आणि चोरी झाली कधी, हे कुणालाच सांगता येईना. ज्या जागी कुणी फिरकत नाही, तिथली वस्तू कधी गेली हे सांगणार कोण?

माझी भाची दुपारी घरी आली आणि पर्स कॉटवर टाकून मटकन बसली. ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. पालिकेत इंजिनिअर आहे. फरशी हे तिचं पहिलं स्वतंत्र काम.

"मावशी, शुक्रवारी पोलिसांत तक्रार जाणार. माझ्या सहीने."

"कुणाविरुद्ध?"

"वॉचमनविरुद्ध."

मी त्याला ओळखत होते. पंधरा वर्षं पालिकेत काढलेला माणूस. नोकरीबरोबर त्याला पंप हाऊसमागची एक खोली मिळाली होती. तिथे तो आणि त्याची बायको राहत. बायकोला दमा, आठवड्यातून तीनदा तिला पलीकडच्या दवाखान्यात वाफ घ्यायला जावं लागे. नोकरी गेली की आठ दिवसांत खोली रिकामी करायची.

"त्याने रोज वहीत सही केलीय गं. 'दहा बाकडी, सुरक्षित.' कालच्या रविवारचीसुद्धा. साहेब म्हणतात, एक तर हा खोटारडा आहे नाहीतर चोर, आणि दोन्हीला औषध एकच."

"तुला काय वाटतं?"

"मला काही सुचेनासं झालंय. तू बघ ना जरा. चौतीस वर्षं आमच्याच ऑफिसात नकाशे ट्रेस केलेस, इथली माणसं तुझ्याशी बोलतील. आणि तुला सगळं आठवतं."

सगळं आठवतं, हे आमच्या घरातलं माझं मोठेपण. कोण कुठल्या साली कुणाशी अबोला धरून बसलं होतं, हे भांडलेली माणसंसुद्धा मला येऊन विचारतात. म्हणून मी डोळे मिटले आणि फरशीवरची बाकडी आठवायला लागले.

एकही आठवेना. फरशी होऊन सव्वा वर्ष झालं होतं, आणि मी घरापासून चार मिनिटांवरच्या त्या जागेत एकदाही पाऊल टाकलेलं नव्हतं.

२

मंगळवारी सकाळी केबिनपाशी गेले तर वॉचमन दारात उभा. माणूस सडपातळ, गणवेश जुना पण इस्त्रीचा, पायात चकचकीत बूट.

"या बाई, बसा." त्याने स्टूल पुढे केलं.

"बाकडी कुठे गेली हो?"

"कुठे जाणार?"

"अहो, जागेवर नाहीत."

"जागेवर नाहीत. खरं आहे."

"म्हणजे चोरीला गेली?"

"असं साहेब म्हणतात."

"आणि तुम्ही?"

"मी वहीत लिहिलंय ते."

सरळ प्रश्नाला इतकं तिरकं उत्तर देणारा माणूस एक तर फार लबाड असतो किंवा फार सरळ. हा कुठला, ते मला ठरवता येईना. मी म्हटलं, "तुमची खोली जाईल. बायकोला सांगितलंत?"

तो पहिल्यांदा गडबडला. "नाही सांगितलं. तिला धाप लागते."

"मग मला तरी सांगा."

 त्याने वही माझ्या हातात दिली. मी पानं चाळली. एका रकान्यात रोजचं ते ठरलेलं वाक्य, दहा बाकडी, सुरक्षित. शेजारच्या रकान्यावर छापलं होतं, 'बसलेले नागरिक'. पहिले सहा-सात महिने त्यात नुसती शून्यं. एखाद्या दिवशी एक, तोही कंसात 'चुकून आलेला'. या माणसाला खोटं लिहायचं असतं तर त्याने तेव्हाच लिहिलं असतं.

मग एका पानापासून आकडे बदलत गेले. चार. नऊ. सतरा. चाळीस.

रविवारी, म्हणजे साहेबांना फरशी रिकामी सापडली त्याच्या आदल्या दिवशी, रकान्यात लिहिलं होतं: एकसष्ट.

नसलेल्या बाकड्यांवर एकसष्ट माणसं बसून गेली होती.

३

डोकं चालेना की मी चालायला लागते. फरशीच्या भिंतीला वळसा घालून कोपऱ्यावर आले. तिथे मोचीकाकांची पेटी आणि वर ताडपत्री. माझ्या चपलेचा अंगठा ढिला झाला होता, ती काढून दिली आणि गिऱ्हाइकांच्या जागी बसले.

"काका, फरशीवर बाकडी किती होती?"

"बाकडी? होती का?" त्यांनी दोऱ्याला मेण चोळलं. "मी तर कधी बघितली नाहीत."

"इथून भिंत दिसते तुम्हाला."

"भिंत दिसते. पलीकडचं बघायला मान वर करावी लागते. माझी मान पन्नास वर्षं लोकांच्या पायाशी आहे, ताई."

"बरं, लोक जात का नाहीत तिथे?"

"जायला काम काय? माणूस बसायचं म्हणून घरातून निघतो होय? निघतो दुसऱ्याच कामाला, आणि मध्ये कुठेतरी टेकतो. ती फरशी कशाच्याच मध्ये येत नाही. मुद्दाम जावं लागतं. मुद्दाम जाऊन बसलेला माणूस कसा दिसतो माहितीय? घरातून हाकलल्यासारखा."

मला हसू आलं. "वॉचमन कसा आहे?"

"माणूस सोन्यासारखा. पायाचा मात्र वाईट. वर्षात दोनदा सोल घातले त्याला. टाचा अशा झिजवतो, जणू गावभर टपाल वाटतो." एवढं बोलले आणि एकदम जीभ चावली. मान आणखी खाली.

चप्पल घालून मी उठले, गुडघ्यावर हात न टेकता. नवं तेल लागू पडतंय म्हणायचं.

दवाखान्यात कंपाउंडर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. बाहेर पेशंट ओळीने बसलेले.

"आठ," तो लगेच म्हणाला. "आठ बाकडी होती. हिरवी."

"तुम्ही जात होता तिथे?"

"कधीच नाही."

"मग आठ कशावरून?"

"अंदाजे," तो म्हणाला आणि चिठ्ठी उलटी चिकटवली.

फरशी झाडणारी बाई ढकलगाडी घेऊन येताना दिसली. तिला थांबवलं.

"बारा होती, आजी. रोज पुसायचे ना मी."

"शेवटची कधी पुसलीस?"

"काल."

"काल तर साहेबांना एकही दिसलं नाही."

"मग परवा असेल. दिवस कुठे लक्षात राहतात, आजी, सगळे सारखेच मेले." ती गाडी पुढे रेटायला लागली. "आणि पुसायला तिथे असायचं काय? कचरा व्हायला माणूस लागतो. तिथे पानं पडतात, तीसुद्धा बाहेरच्या झाडाची."

ती फार घाईत निघून गेली. गाडी तर रिकामी होती.

एक म्हणतो नव्हतीच, दुसरा आठ, तिसरी बारा. फरशीतली भोकं मी स्वतः मोजली. चाळीस. म्हणजे दहा. शेंबड्या पोराला मोजता येईल अशी गोष्ट, आणि बरोबर आकडा फक्त त्या माणसाकडे, ज्याला साहेब चोर म्हणत होते.

४

बुधवारी मी घरीच होते. जुन्या सवयीने टेबलावर ट्रेसिंग पेपर अंथरला आणि एकेक गोष्ट लिहीत गेले. लिहिलं की गोंधळ कमी होतो असं म्हणतात. माझा वाढला. चोर बोल्ट परत बसवतो. वॉचमन सुरक्षित म्हणतो. दिवसभर दारात उभं राहणाऱ्याच्या टाचा झिजतात. आणि रविवारी एकसष्ट माणसं. प्रत्येक गोष्ट दुसरीच्या उलट तोंडाने बसलेली.

संध्याकाळी भाची आली. तक्रारीचा कागद टाईप होऊन आला होता. मी वाचला. शेवटी लिहिलं होतं, 'बाकडी चोरीस गेल्यामुळे नागरिकांनी चौकाचा वापर थांबवला.'

"हे वाक्य कुणाचं?"

"साहेबांचं. म्हणतात, एवढं लिहिलं की दोन्ही प्रश्न मिटतात. बाकडी का नाहीत आणि माणसं का नाहीत." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आणि माझ्यावरही ठपका येत नाही."

"पण वापर थांबायला आधी सुरू व्हावा लागतो. वहीत सात महिने शून्यं आहेत, तेव्हा तर बाकडी होती."

"माहितीय. सुरुवातीला मी रोज जाऊन बघायचे, मावशी. कुणीच यायचं नाही. उतार बरोबर, दिवे बरोबर, फुलं बरोबर. मी काय चुकले तेच कळत नाही."

मी तिच्यासाठी चहा टाकायला उठू लागले. गुडघ्यांवर दोन्ही हात टेकून, आई गं म्हणत.

"बघ," ती म्हणाली, "म्हणूनच मी बाकडी अठरा इंच उंचीची करून घेतली होती. सगळीकडे सोळाची असतात. सोळाच्या बाकड्यावरून तुला उठवत नाही, म्हणून. इतक्या लोकांचा नाही, तुझा एकटीचा विचार केला होता मी, आणि तूच आली नाहीस."

मी अर्धी उठले होते, ती परत खाली बसले.

"काय झालं?"

"काल," मी म्हटलं, "मी एका जागेवरून उठले, आणि गुडघ्याला हात लावला नाही."

५

गुरुवारी सकाळी मोचीकाकांच्या समोर जाऊन उभी राहिले. गिऱ्हाइकांची जागा रिकामी होती. तपकिरी रंगाचं बाकडं, बुटाच्या पॉलिशचा वास येणारं. मी वाकले आणि वितीने मोजलं. माझी वीत नऊ इंचांची आहे, चौतीस वर्षांत केसभर फरक नाही. पुऱ्या दोन विती.

काका दोऱ्याला मेण चोळत राहिले. 

तिथून दवाखाना. बाहेर तीन बाकडी, दवाखान्याच्या भिंतीसारखीच पांढरी. दोन विती. बसथांब्यावर दोन, निळी. शाळेच्या फाटकाशी दोन, त्यांवर पोरांना न्यायला आलेल्या आया. पाण्याच्या टाकीखाली एक, लॉन्ड्रीसमोर एक. सगळी मिळून दहा. हरवलेली बाकडी भर दिवसा लोकांच्या बुडाखाली होती, आणि मंगळवारी चौकशी करणारी मी स्वतः त्यातल्या एकावर बसून बाकडी कुठे आहेत असं विचारत होते.

पाण्याच्या टाकीपाशी वॉचमन समोरून आला. हातात वही, ओठ हलताहेत. माणसं मोजत होता. मला पाहून थांबला.

"रोज फिरता?"

"दोनदा. सकाळी एकदा, दुपारी एकदा."

"म्हणून टाचा."

तो शरमला. मग टाकीखालच्या बाकड्याच्या एका कडेला मी बसले, दुसऱ्या कडेला तो, आणि त्याने सांगितलं.

"माझी बायको दवाखान्याबाहेर तासतास उभी राहायची, बाई. धाप लागलेली माणसं सगळी, आणि उभी. आणि मी दोनशे पावलांवर दहा रिकाम्या बाकड्यांना राखत होतो. एक दिवस मलाच माझी लाज वाटली. एक नेलं. झाडूवालीने गाडी दिली. भर दुपारी नेलं, कुणी विचारलंसुद्धा नाही. मग मोचीकाका म्हणाले, गिऱ्हाईक एका पायावर उभं राहतं. मग शाळेपाशी. ज्याने-त्याने आपापल्या जागेला शोभेल असा रंग दिला. मी चोरली नाहीत. राखणं माझं काम, ते मी करतो. रोज बघून येतो, मगच सही करतो."

"हे साहेबांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की ती परत आत जातील." तो बुटांकडे बघत राहिला. "आणि खरं सांगू? घाबरलो. सोमवारी साहेब ओरडले, तेव्हा तोंडातून शब्दच फुटला नाही. एकदा गप्प बसलं की नंतर बोलणं अवघड जातं."

आता बाकीच्यांचंही कोडं सुटलं. एक माणूस विसरतो, तो खरंच विसरतो. सगळे एकाच वेळी विसरले आणि प्रत्येकजण वेगळंच विसरला, तर ते ठरवून विसरलेले असतात. साहेबांनी शोधू नये म्हणून कुणी आठ म्हटलं, कुणी बारा. सगळे मिळून त्याला वाचवायला निघाले होते आणि सगळे मिळून त्याला बुडवत होते. कुणालाच बाकडी धड आठवत नाहीत, म्हणजे ती कधीच गेली असणार, म्हणजे वही खोटी, म्हणजे वॉचमन चोर. साहेबांचा हिशेब सरळ होता.

"शुक्रवारी मी खरं सांगणार," मी म्हटलं.

"मग मी चोर नाही ठरणार," तो म्हणाला. "पण परवानगी नसताना पालिकेची वस्तू हलवली, हे ठरेल. खोली तशीही जाईल, बाई."

त्याचं बरोबर होतं. मी अर्धंच कोडं सोडवलं होतं. बाकडी बाहेर का आली ते कळलं, पण फरशी रिकामी का होती, हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. ते कळल्याशिवाय सगळा दोष त्याच्याच माथी बसणार होता.

६

दुपारी भाचीच्या ऑफिसात गेले. "फरशी ज्या नकाशावर आखलीस तो मूळ नकाशा दे."

तिने जुनी गुंडाळी उलगडली. मी वर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि दहा बाकड्यांच्या आताच्या जागी दहा ठिपके दिले. मग ते जोडले. बसथांब्यापासून निघालेली रेघ शाळेवरून, लॉन्ड्रीवरून, मोचीकाकांवरून, टाकीखालून दवाखान्यापर्यंत गेली. फरशीच्या भोवती एक मोठा वाकडा वळसा.

"लोक या वाटेने चालतात," भाची म्हणाली. "पण हा तर लांबचा रस्ता आहे. असे का जातात?"

"मध्ये तुझी भिंत आहे म्हणून."

"आधी कुठून जायचे?"

आणि मला ते दिसलं. फरशीच्या जागी मोकळं माळरान होतं तेव्हाची गोष्ट. बसथांब्याच्या कोपऱ्यातून निघून तिरकी थेट दवाखान्याच्या कोपऱ्यात जाणारी पायवाट. जेमतेम दोन फूट रुंद. समोरून माणूस आला की एकाला गवतात उतरावं लागायचं, आणि उतरलेला माणूस दोन शब्द बोलल्याशिवाय परत वाटेवर यायचा नाही. मध्यावर एक बसका दगड होता, पोस्टमन त्यावर थैली ठेवून दम घ्यायचा. मी आणि आमच्या ऑफिसातली टायपिस्ट रोज संध्याकाळी त्या दगडापाशी निरोप घ्यायचो, आणि निरोप घ्यायला अर्धा तास लागायचा. तिला जाऊन आता अकरा वर्षं झाली. त्या वाटेवर कुणी बसायला म्हणून गेलं नाही, आणि ती कधी रिकामी नसायची.

"मावशी, नकाशात पायवाट नाहीये," भाची म्हणाली. "नुसतं मोकळं मैदान आहे. मला कसं कळणार?"

खरंच नव्हती. पांढराशुभ्र चौकोन. कुणी सोडली असेल ती? आमच्या हेड साहेबांचा नियम मला आठवला. ते ट्रेसरना सांगायचे, जिथे पाया आहे ते काढा, जिथे नुसते पाय उमटलेत ते सोडा. पायवाट कुणाच्या मालकीची नसते, म्हणून आमच्या ऑफिसात पायवाटा काढत नसत. सगळे ट्रेसर सोडायचे. आम्हाला तो नियम इतका अंगवळणी पडला होता की डोळ्यांना वाट दिसायची आणि हात तिला वगळून पुढे जायचा.

मी भिंगाने नकाशाचा खालचा कोपरा पाहिला. ट्रेसर तिथे अगदी बारीक आद्याक्षरं टाकतात.

ती माझी होती.

 ज्या वाटेवरून मी रोज त्या ऑफिसात जात होते, तीच वाट मी त्या ऑफिसात बसून पुसली होती. वाट मला गवताच्या पात्यासकट आठवत होती. नकाशा काढल्याचं मात्र काही केल्या आठवेना.

७

शुक्रवारी अकरा वाजता साहेबांच्या खोलीत आम्ही जमलो. वॉचमन टोपी हातात घेऊन भिंतीशी उभा. भाचीसमोर कागद, कागदावर पेन. मी सगळं सांगितलं. बाकडी कुठे आहेत, कुणी नेली, का नेली, आणि मंगळवारी मला कुणी काय उत्तर दिलं.

साहेब खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे चोर नाही, पण चोरासारखाच."

तेवढ्यात दार ढकलून मोचीकाका आत आले. मागे कंपाउंडर, त्याच्यामागे झाडूवाली.

"साहेब, बाकडी दहा होती," मोचीकाका म्हणाले.

"दहा," कंपाउंडर म्हणाला.

"दहाच," झाडूवाली म्हणाली. "गाडी माझी होती."

"मंगळवारी आठवत नव्हतं ते?" साहेबांनी विचारलं.

"मंगळवारी चोर शोधत होता तुम्ही," मोचीकाका म्हणाले. "आज बाकडी विचारताय."

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, हे सगळं ठीक. पण ह्याने बाकडी काढून नेली म्हणूनच चौक ओस पडला असं मी म्हणतो. काय चुकलं?"

"क्रम चुकला, साहेब. आधी माणसं आली नाहीत, मग बाकडी गेली. वही बघा. आणि माणसं आली नाहीत कारण त्यांची वाट आपण बंद केली." मी ट्रेसिंग पेपर नकाशावर ठेवला, दहा ठिपक्यांचा वळसा दाखवला, आणि मग मैदानाच्या मधून तिरकी रेघ ओढली. "इथे पायवाट होती. नकाशात आली नाही. म्हणून तिच्यावर भिंत आली."

"नकाशात का आली नाही?"

"मी सोडली."

 साहेबांना हे कुठल्या कलमात बसवावं ते कळेना. "तीस वर्षांपूर्वीचा नकाशा," ते शेवटी म्हणाले, "आणि तुम्ही तर रिटायर. तुमच्यावर मी काय कारवाई करू?"

"माझं राहू द्या. त्याची खोली राहू द्या."

"ते ह्यांच्या सहीवर आहे," साहेब म्हणाले आणि भाचीकडे बघितलं. आवाज त्यांनी मऊ केला. "सही केलीत तर तुमच्या कामाला डाग नाही. नाही केलीत तर चौक फसला असं तुम्हालाच लिहून द्यावं लागेल. पहिलं काम आहे तुमचं. विचार करा."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी गणित अडलं की बघायची तसं. मला वाटलं, विचारील, मावशी काय करू? आणि मला खरंच माहीत नव्हतं काय सांगायचं. तिच्या जागी मी कधीच नव्हते. मी फक्त रेघा ओढल्या होत्या, आणि त्यासुद्धा सांगितल्या तेवढ्याच.

तिने विचारलं नाही. टाईप केलेला कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. चौकाची आखणी माझी, पायवाटेची चौकशी जागेवर जाऊन करायला हवी होती, केली नाही. बाकडी नागरिकांच्या उपयोगात आणि सुरक्षित आहेत, तक्रार नाही. भिंत दोन कोपऱ्यांत फोडावी. खाली सही. मग कागद माझ्याकडे सरकवला. मी तिच्या सहीखाली माझी केली, या वेळी पूर्ण नावाने.

साहेबांनी वॉचमनला मेमो दिला, खोली ठेवली, आणि स्पर्धेचा अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवून ड्रॉवर जरा जोरातच लावला.

वॉचमन बाहेर आला आणि व्हरांड्यातल्या खांबाला पाठ लावून खालीच बसला. "बाई," तो म्हणाला, "घरी जाऊन आता हिला सांगू का नको?"

"आता सांगा," मी म्हटलं. "आता धाप लागली तरी हसून लागेल."

८

भिंत फुटायला दोन महिने लागले. पालिकेच्या मानाने हे वेगवान काम. साहेबांचा आग्रह होता की निदान दोन बाकडी परत आत यावीत. लॉन्ड्रीवाला आणि टाकीजवळचे लोक कुरकुरले, पण दिली. ती कुणी वापरतं का, ते मला अजून ठाऊक नाही.

परवा मला दवाखान्यात जायचं होतं आणि उशीर झाला होता. बसथांब्याच्या कोपऱ्यातून सरळ फरशीत शिरले. मध्यापर्यंत आले तर समोरून झाडूवाली. तिची गाडी भरलेली होती, शेंगांची टरफलं, तिकिटं, कागद, आणि ती या कचऱ्याबद्दल तक्रार करायला लागली. तेवढ्यात भाची साइटवरून येत होती, ती थांबली. मग कंपाउंडर, त्याला बस पकडायची होती. मोचीकाका तर कुठेच जात नव्हते, नुसतं काय चाललंय बघायला आले होते. कुणाच्या मुलीचं पत्र आलं, कुणाचा दात काढला, साहेबांची बदली होणार की नाही. बोलता बोलता दवाखान्याची वेळ टळून गेली. बसायचं कुणालाच सुचलं नाही.

मागून आवाज आला. वॉचमन होता, आणि त्याच्या मागे सायकल हातात धरून दोघं-तिघं ताटकळत उभे होते.

"अहो बाई," तो म्हणाला, "जरा कडेला व्हा की. लोकांना जायचंय."